केमो चालू असताना काढे, पुड्या, गुळवेल, योग… तुमच्या घरात काय चालतं? डॉक्टरांना सांगता का?

मांजराकाठ | रविवार, रात्री ९.४०

मी लातूरला केमोच्या डे-केअरमध्ये परिचारिका आहे. हॉस्पिटलचं नाव देत नाही. खाली लिहिलेल्या प्रसंगांतले गावाचे, नात्याचे तपशील बदललेत, कारण आपल्याकडे अर्ध्या ओळखीवरही माणूस कळतो. स्तनाच्या कॅन्सरचे उपचार चालू असताना बायका घरी आणखी काय काय घेतात, त्याबद्दल हा धागा आहे.

आमच्याकडे निलंगा, औसा, उदगीर, अहमदपूर, तिकडून कंधार-लोहा, इकडून कळंब-उमरगा अशा कुठून कुठून बायका येतात. पहाटेची एसटी धरलेली असते. रक्ताचा रिपोर्ट येऊन सलाईन लागेपर्यंत अकरा वाजतात. तोवर खाटेखाली एक कापडी पिशवी सरकवलेली असते. वर फाईल, चादर, भाकरी-चटणीचा डबा, आणि त्याखाली बाकीचं. पाण्याच्या बाटलीत गव्हांकुराचा नाहीतर पपईच्या पानांचा रस. पेपरच्या कागदात बांधलेल्या पुड्या, त्यावर निळ्या पेनाने 'स' आणि 'सं'. लक्ष्मणफळाची वाळलेली पानं. दोऱ्याने जुडी बांधलेल्या गुळवेलीच्या काड्या. हळद-मिरी-मधाचं चाटण. गोमूत्र अर्क. कुठलातरी अंगारा.

राउंडला डॉक्टर विचारतात, "मावशी, बाहेरचं काही घेता का?" मावशी म्हणतात, "नाही ओ साहेब." शेजारी उभी असलेली सून दुसरीकडे बघते.

मावशी खोटारड्या नसतात. डॉक्टर रागावतील, पुढची केमो देणार नाहीत, अशी भीती असते. पुडी दिराने चारशे किलोमीटरवरून आणलेली असते, त्याचं नाव मध्ये येऊ नये असं वाटतं. आणि कित्येकींना 'औषध' म्हणजे दवाखान्यातलं तेवढंच वाटतं. काढा हे घरचं, त्यात सांगायचं काय?

माझा घरगुती उपायांवर राग नाही. केमो झाल्यावर तोंडाला चव नसते, झोप लागत नाही, तळपायांची आग होते. त्या वेळी आईच्या हातचा आल्याचा चहा काय करतो ते मी रोज बघते. माझी काळजी वेगळी आहे. 'सोबत' म्हणून सुरू झालेली गोष्ट कधी 'ऐवजी' होते ते घरातल्या कुणालाच कळत नाही. आणि हे कुठे होतं त्या जागा आता मला पाठ झाल्यात. तपासणीसाठी गाठीचा तुकडा काढायच्या आधी, 'सुई लावली की पसरतो' म्हणून. दुसऱ्या केमोनंतर, केस गळून आरशात बघवत नाही तेव्हा. हार्मोनच्या गोळीला दीड-दोन वर्षं झाल्यावर, 'आता काही त्रास नाही मग गोळी कशाला' म्हणून.

पण सगळ्यात घातक जागा चांगल्या बातमीची आहे. गाठ मोठी असली की बऱ्याचदा आधी केमो देतात आणि मग ऑपरेशन करतात. अशीच एक बाई होती, चाळिशीच्या आतली. छातीत लिंबाएवढी गाठ. लाल सलाईनचे (लाल रंगाच्या केमोचे) डोस झाले आणि गाठ सुपारीएवढी उरली. आम्ही सगळ्या खूश. घरी मात्र केमोबरोबर पुडीही चालू होती, आणि घरच्यांनी श्रेय पुडीला दिलं. त्यांचंही चुकलं असं कसं म्हणू? केमोने तिला उलट्या दिल्या, केस नेले, अंथरुणाला खिळवलं. पुडीने काहीच त्रास दिला नाही. मग बरं कुणी केलं, याचा हिशोब त्यांनी सरळ मांडला. ऑपरेशनच्या तारखेला ती आली नाही. फोन लावला तर नवरा म्हणाला, "गाठ जिरायलीय सिस्टर, कापायचं कशाला?" सुगी उरकून आली तेव्हा गाठ फुटून जखम उघडी पडली होती आणि श्वास लागत होता.

आकडेही हेच सांगतात. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २०१८ साली दोन अभ्यास प्रसिद्ध केले. पहिल्यात नेहमीचे उपचार पूर्ण टाळून फक्त पर्यायी उपचार घेणारे रुग्ण होते. त्यांतल्या स्तनाच्या कॅन्सरच्या बायकांमध्ये मृत्यूचा धोका साडेपाच पटींहून जास्त निघाला. दुसरा मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात दोन्ही सोबत घेणारे लोक होते, म्हणजे आपल्यासारखे. त्यांच्यातही धोका दुप्पट दिसला. कारण शोधलं तर या गटातल्या ३४ टक्के लोकांनी केमो नाकारली होती, बाकीच्यांत ३ टक्क्यांनी. हार्मोनच्या गोळीचंही जवळपास तसंच. नाकारलेले उपचार हिशोबात धरल्यावर दोन गटांतला फरक जवळजवळ पुसला गेला. म्हणजे नुकसानीचा मोठा भाग काय घेतलं यापेक्षा काय सोडलं त्यातून आला.

तुमच्या घरी काय झालं ते मोकळेपणाने लिहा. कुणी कुणाला अडाणी म्हणू नये, एवढी विनंती.

---

पूर्णामाई | रविवार, रात्री १०.२५

परभणी. माझं ऑपरेशन, केमो, शेक (रेडिएशन) सगळं होऊन आता गोळी चालू आहे, म्हणून आतल्या बाजूने लिहिते.

योग मी डॉक्टरांना विचारून सुरू केला. सुरुवातीला फक्त श्वास आणि शवासन. टाके सुकल्यावर भिंतीला तोंड करून उभं राहायचं आणि ऑपरेशनच्या बाजूच्या हाताची बोटं भिंतीवरून वर वर चालवत न्यायची. फिजिओथेरपीच्या ताईंनी पेन्सिलने खूण करायला सांगितली होती, रोज आधीच्या खुणेच्या जरा वर. डोक्यावरून पोलकं काढता यायला लागलं त्या दिवशी मी न्हाणीघरात एकटीच रडले.

आणखी एक सांगते, पुरुषांना कदाचित कळणार नाही. आमचं घर मोठं, एकत्र. केमोच्या दिवसांत माझ्या शरीराचं सगळं दुसरे ठरवत होते. कधी सुई, कधी रक्त, काय खायचं, कुठल्या कुशीवर झोपायचं. योगाचा अर्धा तास तेवढा माझा होता. दार लावून घेतलं तरी कुणी हाक मारत नसे. काढा काय, जप काय, बायका ज्याला धरून राहतात त्यात हा भाग असतो. डॉक्टरांनी 'ते सगळं बंद करा' म्हटलं की तो आधारही जातो.

---

हिंगोलीकर | रविवार, रात्री ११.१०

ताई, तुमचा लेख चांगला आहे, पण एकच बाजू आली. माझ्या बायकोला केमोसोबत मी परराज्यातल्या वैद्याची पुडी दिली. कोर्स पूर्ण केला, ऑपरेशन केलं, काही सोडलं नाही. आज ती शेतात येऊन बसते. कशाने बरी झाली ते देवाला माहीत, मी दोघांचे पाय धरतो.

लोक तिकडं का जायलेत ते पण लिहा. ओपीडीत आमचा नंबर आला की दोन मिनिटं. रिपोर्ट बघितला, लिहिलं, पुढचा. मी काही विचारायला तोंड उघडलं की कंपाउंडर बाहेर काढायचा. वैद्याने नाडी धरून पाऊण तास ऐकून घेतलं. तिची झोप विचारली, पाळी विचारली, मनात काय चाललंय ते विचारलं. पैसे किती घेतले म्हणाल तर आम्ही देऊ तेवढे. फुले योजनेत केमो फुकट झाली हे खरं, पण गाडीभाडं, राहणं, बाहेरच्या तपासण्या, बुडालेली मजुरी कुठल्या योजनेत बसते?

---

मांजराकाठ | सोमवार, सकाळी ६.५०

@हिंगोलीकर दादा, पाऊण तास ऐकून घेण्याचं मोल मी कमी लेखत नाही. त्यात बरं वाटतं ते खरंच असतं. आमच्या ओपीडीत गर्दी आहे, हे कारण म्हणून सांगायलाही लाज वाटते. आणि तुम्ही काही सोडलं नाही, तिथेच तुमच्या घरचं वेगळं पडलं.

पण एक विचारते. तुमच्या केमोच्या डॉक्टरांना पुडी माहीत होती का? केमोने काउंट पडतात (रक्तातल्या पेशी कमी होतात), लिव्हर बिघडतं, तेव्हा डॉक्टर ठरवतात की डोस कमी करायचा, पुढे ढकलायचा, की औषधच बदलायचं. लिव्हर पुडीने बिघडलं असेल आणि पुडी त्यांना माहीत नसेल, तर ते चांगली लागू पडत असलेली केमो कमी करतील. गाठीला तेवढी मोकळीक मिळते. मी हे होताना बघितलंय.

@पूर्णामाई, तुमची पेन्सिलची खूण मी आज वॉर्डात सांगणार आहे. योगाबद्दल सगळ्यांसाठी लिहिते: मुंबईच्या टाटा मेमोरियलने स्तनाच्या कॅन्सरच्या ८५० बायकांवर योगाची चाचणी केली, २०२२ साली अमेरिकेत सॅन अँटोनियोच्या परिषदेत ती मांडली. चिठ्ठ्या टाकून दोन गट केले होते. नेहमीचे उपचार दोन्ही गटांना, योग एका गटाला. योगाच्या गटात आजार उलटण्याचा आणि मृत्यूचा धोका साधारण १५ टक्क्यांनी कमी दिसला. उपचार दोघींनाही पूर्ण मिळाले होते, हे विसरू नका. 'योगाने कॅन्सर बरा होतो' असं कुणी याच चाचणीच्या नावाने पाठवलं तर ते खोटं समजा.

---

वैद्य_धाराशिव | सोमवार, दुपारी २.१५

मी बीएएमएस, पुढे एमडी. धाराशिवच्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयात शिकलो. धागा वाचून दोन गोष्टी लिहाव्याशा वाटल्या.

पहिली, तक्रार. नाव नसलेली, घटक न सांगता दिलेली पुडी म्हणजे आयुर्वेद नव्हे. आमच्यात रुग्ण बघितल्याशिवाय, त्याचं बळ, अग्नी, काळ बघितल्याशिवाय औषध द्यायची रीत नाही. फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला आणि कुरिअरने पुडी आली, हा धंदा आहे. तो आमच्या माथी मारू नका.

दुसरी, आमच्या लोकांना उद्देशून. 'वनस्पती आहे, अपाय काय होणार' हे वाक्य वैद्याच्या तोंडी शोभत नाही. ज्यात गुण आहे त्यात अपायाची ताकदही आहे. कोरोनाच्या काळात घरोघरी गुळवेल उकळली गेली. २०२० च्या शेवटच्या महिन्यांत मुंबईत गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या लिव्हरला इजा झाल्याचं डॉक्टरांनी नोंदवलं. पुढे देशातल्या १३ केंद्रांनी मिळून ४३ रुग्णांची नोंद केली. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असेल. त्या आक्षेपात तथ्य असू शकतं. पण खेड्यातल्या बाईला बांधावरची वेल कुठली ते कोण ओळखून देणार? केमोच्या औषधांचं ओझं आधीच लिव्हरवर असताना मी गुळवेल देत नाही. भस्मं, रसकल्प तर नाहीच. त्यांत पारा, शिसं असतं आणि शुद्धीकरण नीट झालं की नाही ते पुडीवरून कळत नाही.

मग मी काय करतो? बद्धकोष्ठ, भूक, झोप, तोंड येणं, एवढ्यापुरतं बघतो. तोंड आलं तर मीठ-सोड्याच्या कोमट गुळण्या, जे तुमचे डॉक्टरही सांगतात. आहार मऊ, ताजा, शिजवलेला. पेज, मुगाचं वरण, भाकरी कुस्करून ताकात. आणि जे देईन ते माझ्या लेटरहेडवर लिहून कॅन्सरच्या डॉक्टरांकडे पाठवतो. उत्तर फारसं येत नाही. तरी पाठवतो.

---

बालाघाट | सोमवार, रात्री ८.३०

अंबाजोगाईत माझं मेडिकल आहे. माझं मत कडक आहे आणि ते कडकच ठेवणार. पुडी खाल्ली की चार दिवसांत भूक लागते, सांधे मोकळे होतात, चेहरा भरतो. लोक म्हणतात गुण आला. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं, त्याचा हा परिणाम. काउंट पडलेल्या पेशंटला स्टिरॉइड गेलं तर जंतुसंसर्ग वाढतो, ताप दबतो, कळेपर्यंत उशीर होतो. साखर वाढते ती वेगळीच. आणि महिनोन्‌महिने खाऊन एकदम बंद केली तरी माणूस कोसळतो.

कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात करणं १९५४ च्या औषध व चमत्कारिक उपचार कायद्याने गुन्हा आहे. तरी जत्रेत, एसटी स्टँडच्या भिंतीवर, मोबाईलवर जाहिराती दिसतात. सगळं सरसकट बंद करायला पाहिजे. वार्डात पिशवी तपासा आणि सापडेल ते कचऱ्यात टाका.

---

मांजराकाठ | सोमवार, रात्री १०.०५

@बालाघाट दादा, स्टिरॉइडचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. पण पिशवी तपासून फेकायचं मी करणार नाही. पुढच्या वेळी पिशवी एसटी स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर ठेवून येतील, एवढंच होईल. मला ती पुडी बघायची आहे. 'काही घेता का' असं विचारलं की 'नाही' येतं. 'काय काय घेता, मला पण दाखवा, आमच्याकडे कुणी हे घेतं, कुणी ते' असं म्हणून मी खाटेवर टेकले की पिशवी उघडते. मग मोबाईलवर फोटो, फाईलला नोंद. कधी घेतलं, किती घेतलं, कुणी दिलं. रागवायचं नाही, हसायचं तर मुळीच नाही.

---

जिंतूरची_लेक | मंगळवार, दुपारी १.२०

नमस्कार ताई. माझी आई ५८ वर्षांची. ऑपरेशन, केमो, शेक झाले. आता लेट्रोझोल चालू आहे. गुडघे आणि हाताची बोटं इतकी दुखतात की सकाळी मूठ वळत नाही. गोळी सोडते म्हणतीय. अशक्तपणासाठी मावशीने शतावरी कल्प दिलाय, शिवाय रोज गुळवेलीचा काढा आणि मिरीचा अर्क घातलेल्या हळदीच्या कॅप्सूल. भावाने ऑनलाइन मागवल्यात. यातलं काय चालेल? तपासणी पुढच्या महिन्यात आहे.

---

मांजराकाठ | मंगळवार, रात्री ९.१५

ताई, शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा. पुढच्या महिन्याची वाट बघू नका, या आठवड्यातच फोन करा, आणि तिन्ही डब्यांचे फोटो पाठवा. तोवर मला जे माहीत आहे ते सांगते.

आईची गाठ हार्मोनवर वाढणारी होती, म्हणून लेट्रोझोल दिलंय. ही गोळी शरीरातलं इस्ट्रोजेन खाली आणते. शतावरी बाळंतिणीला देतात, त्यात इस्ट्रोजेनसारखा गुण असू शकतो असं मानतात. म्हणून अशा पेशंटना बरेच डॉक्टर ती टाळायला सांगतात. एका हाताने इस्ट्रोजेन कमी करायचं आणि दुसऱ्या हाताने तसलंच काही द्यायचं, हे नको. गुळवेलीचं वैद्यांनी वर लिहिलंच आहे. लिव्हरची तपासणी झाली नसेल तर करायला सांगा. हळद आमटी-भाजीत खुशाल खा. कॅप्सूलची गोष्ट वेगळी, त्यात कितीतरी पटींनी जास्त माल एका वेळी जातो, आणि मिरीच्या अर्काने तो रक्तात जास्त उतरतो. टॅमॉक्सिफेन ही हार्मोनची दुसरी गोळी घेणाऱ्या बायकांमध्ये हळदीच्या अशा कॅप्सूलने औषधाचं कामाचं रूप रक्तात कमी झाल्याचं नेदरलँड्समधल्या छोट्या अभ्यासात दिसलंय. आईची गोळी वेगळी आहे, तरी कारण नसताना जोखीम कशाला?

आता दुखण्याचं. हे आईच्या मनाचे खेळ नाहीत. या गोळीने सांधे दुखतात, आणि कित्येक बायका त्याच कारणाने ती सोडतात. चालणं आणि हलका व्यायाम यांनी दुखणं खरंच कमी होतं. सुरुवातीचे पंधरा दिवस जड जातात. ॲक्युपंक्चरचा २२६ बायकांवरचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला, त्यात याच दुखण्याला काहीसा उतार दिसला. पण आपल्या भागात शिकलेला माणूस मिळणं कठीण, आणि ऑपरेशनच्या बाजूच्या हाताला सुया नकोत. ड जीवनसत्त्व आणि हाडांची तपासणी झाली का ते विचारा. दुखणं असह्य असेल तर डॉक्टर त्याच गटातली दुसरी गोळी देऊन बघतात. आईला हे सांगा की गोळी बदलता येते, म्हणून सोडायची घाई नको.

---

गोदाकाठची | मंगळवार, रात्री १०.४०

नांदेडहून. आमच्या आत्याला वैदूने लेप लावला होता. "गाठ पिकून बाहेर पडेल" म्हणाला. कातडी जळून खपली धरली आणि खपलीसोबत मांस सुटलं, तर लोक म्हणाले बघा गाठ पडली. आतलं तसंच वाढत होतं. अशा लेपाला कुणीही हात लावू देऊ नका.

नवसाचं पण लिहायला पाहिजे. वहिनीची केमो नवरात्रात आली. आमच्याकडे माहूरची देवी. तिने नऊ दिवस उपवास आणि अनवाणी धरलं होतं. केमोनंतर दुसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात, पायाला काटा लागून जखम झाली तरी महागात पडतं, असं सिस्टरने सांगितलं. वहिनी ऐकेना. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "तुझा उपवास मी धरते, तुझी ओटी मी भरते, तू जेव." त्या बोलल्या म्हणून झालं. डॉक्टर बोलले असते तर वहिनीने मान हलवून चोरून उपवास केला असता. देवीचं काही अडलं नाही.

---

कपिलधार | बुधवार, सकाळी ११.३०

मी बीड जिल्ह्यात आशा म्हणून काम करते. तुमची चर्चा दवाखान्यात पोचलेल्या बायकांची आहे. माझ्या गावात त्याच्या आधीच खेळ होतो.

दसरा-दिवाळीला टोळ्या ऊसतोडीला निघतात, कुणी कोल्हापूर-सांगलीकडे, कुणी कर्नाटकात. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, आधीच घेतलेली असते आणि कोयता नवरा-बायकोच्या जोडीचा. बाई थांबली की जोडी मोडली, उचल अंगावर. सप्टेंबरात एखादीला गाठ लागली तर ती काय करणार? हळदीचा लेप लावते, कुणी सांगितलेला पाला वाटून लावते, दोरा बांधते, आणि जाते. हा झाडपाल्यावरचा विश्वास आहे असं बाहेरच्यांना वाटतं. मी विचारलं तर एकजण म्हणाली, "पट्टा पडेपर्यंत काहीतरी लावून ठेवावं लागतंय ना." पट्टा पडणं म्हणजे कारखान्याचा हंगाम संपणं. मार्च-एप्रिलात परत येते तोवर गाठ काखेत गेलेली असते.

म्हणून मी टोळ्या निघायच्या आधी घरोघरी जाऊन गाठ कशी चाचपायची ते दाखवते, आणि संशय आला की डॉक्टरांच्या हातून तपासून घेते. मुंबईत टाटाने दीड लाख बायकांवर २० वर्षं हाताने तपासणीची चाचणी केली, ती २०२१ ला प्रसिद्ध झाली. पन्नाशीपुढच्या बायकांत मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. यंत्र नाही, शिकवलेला हात. एवढं तर आपल्याकडं होऊ शकतं. संशय आलाच तर बार्शीचं नर्गिस दत्त किंवा संभाजीनगरचं सरकारी कॅन्सर हॉस्पिटल, दोन्हीकडं पाठवायची आमची वाट आता पडलीय.

---

हिंगोलीकर | बुधवार, रात्री ९.५०

काल हा धागा बायकोला वाचून दाखवला. तुमचा प्रश्न होता ना, डॉक्टरांना पुडी माहीत होती का. नव्हती. मग तिला विचारलं, तुला पुडीने खरंच बरं वाटायचं का? म्हणाली, "कडू जहर होती. उलटी व्हायची. तुम्ही एवढ्या लांबून आणायचात, रात्रभर गाडीत बसून. नाही म्हणले असते तर तुम्हाला कसं वाटलं असतं?"

इतके दिवस मी समजत होतो की ती माझ्यामुळं धीर धरून आहे. ती माझा धीर धरत होती.

पुडीचे चार कागद घरात शिल्लक आहेत. पुढच्या तपासणीला घेऊन जातो. डॉक्टर रागावले तर मला रागावतील, तिला नाही.

---

मांजराकाठ | बुधवार, रात्री १०.३०

दादा, वहिनींना नमस्कार सांगा. कागद जरूर न्या. कागदावर काही लिहिलेलं असेल, वास असेल, रंग असेल तर तेही सांगा.

@कपिलधार ताई, तुम्ही लिहिलेलं मी आमच्या डॉक्टरांना वाचायला देणार आहे. 'पेशंट उशिरा येतात' असं आम्ही फार सहज म्हणतो.

---

पूर्णामाई | गुरुवार, सकाळी ७.४०

एक राहिलंच. आल्याबद्दल कुणी बोललं नाही. मळमळीला मला खरंच उपयोग झाला. आणि गव्हांकुराचं काय करायचं? आमच्या महिला मंडळात दोघी रोज घेतात.

---

मांजराकाठ | गुरुवार, रात्री ९.००

आल्याचं अभ्यासातही दिसलंय. २०१२ साली ५७६ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. उलटीच्या गोळ्यांसोबत रोज अर्धा ते एक ग्रॅम सुंठेची कॅप्सूल दिल्यावर पहिल्या दिवसाची मळमळ कमी झाली. गोळ्यांसोबत, त्यांच्या जागी नव्हे. प्लेटलेट कमी असतील तर विचारूनच घ्या.

गव्हांकुराचा केमो घेणाऱ्या बायकांवर एक छोटा अभ्यास आहे, ६० बायकांचा, त्यात रक्ताचे काउंट जरा बरे राहिले. पण आपल्याकडे तो ट्रेमध्ये ओल्या मातीत उगवतात, कच्चाच वाटतात आणि एसटीत चार तास बाटलीत ठेवतात. काउंट पडलेल्या बाईच्या पोटात त्यातून जंतू जातात. म्हणून केमोच्या दिवसांत मी कच्चा रस नको म्हणते. लक्ष्मणफळाच्या पानांचा काढा कुणीच घेऊ नये. कॅरिबियन बेटांवर ते फळ आणि पानं वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत कंपवातासारखा मेंदूचा आजार दिसून आला होता.

---

जिंतूरची_लेक | शुक्रवार, सायंकाळी ६.३५

ताई, फोन लागला. शतावरी, गुळवेल आणि कॅप्सूल थांबवायला सांगितलं, लिव्हरची तपासणी दिलीय. गोळी बदलायचं तपासणीनंतर बघू म्हणाले. आई आज अंगणात दहा फेऱ्या चालली. आता मावशीला कसं सांगायचं तेवढं बघते, तिने जीव लावून केला होता कल्प.

अजून एक विचारायचं होतं. शेजारच्या काकू म्हणतात आईच्या हाताला तीळतेलाने जोरात मालिश कर, सूज उतरेल. करू का?

---

मांजराकाठ | शुक्रवार, रात्री ८.५०

जोरात मालिश अजिबात नको. काखेतल्या गाठी काढल्यावर त्या हातातलं पाणी वर चढायची वाट अरुंद झालेली असते, दाबून चोळलं की सूज वाढते. सूज उतरवायची मालिश अगदी हलक्या हाताची असते, कातडी जेमतेम सरकेल एवढीच, आणि तिची दिशा ठरलेली असते. फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घ्या, मग घरी तुम्हीच करू शकता. कातडी कोरडी पडू नये म्हणून तेल नुसतं हलकं लावलं तर हरकत नाही.

त्या हाताने पाण्याची घागर नको, त्या हाताला सुई आणि रक्तदाबाचा पट्टा नको, बांगड्या घट्ट नकोत. भाजी चिरताना, शेंगा फोडताना कापलं तर लगेच साबणाने धुवा. हात लाल झाला, गरम लागला किंवा ताप आला तर सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री दवाखान्यात दाखवा.